जाबसालाचा हक्क : हैदराबाद विधानसभेंतील प्रश्नोत्तरें आणि उमरीचा मुलूख

१

मराठी दप्तरें चाळणारास ‘जाबसाल’ हा शब्द पावलोपावलीं भेटतो. वकिलानें दरबारांत घातलेला मुद्दा आणि त्यावर मिळालेला जबाब हीं दोन्ही मिळून जाबसाल होतो. त्याच जातीचा दुसरा कागद म्हणजे कलमवार याद. वतनदार, सरदार अगर रयत आपलें म्हणणें कलमें पाडून हुजुरांत पाठवी, आणि एकेका कलमाखालीं हुजूरचा निर्णय लिहिला जाई. अशा यादी आमच्या संग्राहकांनीं मोठ्या आस्थेनें जमविल्या आहेत व ती आस्था योग्यच आहे. सनदेंत देणारा एकटाच बोलतो, अर्जांत मागणारा एकटाच बोलतो; यादींत मात्र दोघेही एकाच कागदावर समोरासमोर उभे असतात. कोणत्या कलमावर हुजूर झटकन ‘करार’ म्हणाले आणि कोणत्या कलमावर मौन धरलें, हें तेथें एका दृष्टिक्षेपांत कळतें.

या कागदाचा विसाव्या शतकांतील वारस म्हणजे कायदेमंडळांतील छापील प्रश्नोत्तरें होत. सभासदानें मंत्र्यास प्रश्न घालावा, मंत्र्यानें सभागृहांत उत्तर द्यावें, आणि दोन्ही शब्दशः छापून निघावें, असा हा प्रघात आहे. बाह्य रूप यादीचेंच आहे. परंतु आंतील नातें उलटलें आहे. याद लिहिणारा मेहेरबानी मागत होता. प्रश्न घालणारा हिशेब मागतो. हुजुरांनीं मौन धरलें तर यादीच्या धन्यास उपाय नसे. मंत्र्यानें मौन धरलें तर तें मौनही छापलें जातें. एवढा मोठा फरक असूनही, अगर छापील असल्यामुळेंच, हा कागद संग्राहकांच्या कपाटांत फारसा पोंचलेला नाहीं. मोडी फर्द हातीं लागतांच तो काळजीनें बांधून ठेवणारे गृहस्थ कामकाजाच्या वृत्तांताकडे रद्दी म्हणून पाहतात.

प्रस्तुत लेखांत आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, नांदेड जिल्ह्यांतील उमरीसारख्या मुलुखाच्या इतिहासास हा कागद अपरिहार्य आहे. मुंबई इलाख्यांत हा हक्क १८९२ च्या कायद्यानें, अपुऱ्या रूपानें कां होईना, आला. उमरीच्या वांट्यास तो यावयास १९५२ साल उजाडावें लागलें. मधल्या साठ वर्षांत तेथील प्रश्न नाहींसे झाले नव्हते. ते दुसऱ्या वाटांनीं बाहेर पडले. त्या वाटा आणि १९५२ ते १९५६ मधील प्रश्नोत्तरें एकत्र ठेवल्यावांचून या मुलुखाचा अर्वाचीन इतिहास लागत नाहीं.

२

प्रथम हक्काची वंशावळ पाहूं. १८६१ च्या कायद्यानें बनलेल्या कायदेकौन्सिलांस कायद्याच्या मसुद्यापलीकडे बोलण्याची मुभा नव्हती. १८९२ च्या कायद्यानें दोन गोष्टी दिल्या : अंदाजपत्रकावर भाषण करावें, आणि नियमांच्या चौकटींत सरकारास प्रश्न विचारावे. अंदाजपत्रकावर मत देण्याचा अधिकार मात्र दिला नाहीं, आणि एकदां उत्तर मिळालें कीं त्यावर उपप्रश्न विचारण्याचीही सोय ठेविली नाहीं. सरकारचें उत्तर हा शेवटचा शब्द होता.

वरिष्ठ कौन्सिलांत या नव्या हक्कानें पहिला प्रश्न १६ फेब्रुवारी १८९३ रोजीं भिनग्याच्या राजांनीं विचारला. त्याचा विषय ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. दौऱ्यावर निघालेल्या सरकारी अंमलदारांस गांवोगांवीं सामान पुरवावें लागे, त्यापायीं खेड्यांतील दुकानदारांस जो जाच होई, त्याविषयीं तो होता. म्हणजे हिंदुस्थानांतील कायदेमंडळीय प्रश्नाचा श्रीगणेशा रसदेच्या तक्रारीपासून झाला. आमच्या जुन्या दप्तरांत रसद, वेठ व बेगार यांच्या तक्रारींचे कागद विपुल आहेत. तक्रार तीच राहिली, फक्त तिला नवा दरवाजा सांपडला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

त्या दरवाजांतून पुढें राष्ट्रीय धोरणाचे मोठे प्रश्न कसे नेले गेले, याचें उदाहरण म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. १९०१ सालीं मुंबई कौन्सिलांत जमीन-महसूल कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा आला. सारा थकल्यामुळें जप्त झालेली जमीन पुन्हा देतांना ती विकण्याचा अगर गहाण टाकण्याचा अधिकार काढून घ्यावा, असा त्याचा रोख होता. विरोधाचा उपयोग होत नाहीं असें पाहून फेरोजशहा मेथा व त्यांचे सहकारी सभागृहांतून उठून गेले. त्यांत गोखलेही होते. पुढें वरिष्ठ कौन्सिलांत २६ मार्च १९०२ रोजीं त्यांनीं अंदाजपत्रकावर पहिलें भाषण केलें. दुष्काळानें देश पिळून निघाला असतांना सरकारच्या तिजोरींत शिल्लक कशी पडते, हा त्या भाषणाचा गाभा होता. शिल्लक ही सुबत्तेची खूण नसून रयतेकडून गरजेपेक्षां अधिक कर घेतल्याची खूण आहे, हें त्यांनीं सरकारच्याच आंकड्यांनीं मांडलें. मिठावरील कर दर मणास अडीच रुपये होता, तो १९०३ सालीं दोन, १९०५ सालीं दीड आणि १९०७ सालीं एक रुपयावर आला. त्याचें सारें श्रेय एका भाषणास देणें इतिहासास धरून होणार नाहीं. परंतु मत देण्याचा अधिकार नसलेल्या सभासदासही सरकारचे आंकडे सरकारपुढें ठेवून उत्तर मागतां येतें, ही रीत तेथें बसली.

१९०९ च्या सुधारणेनें मूळ प्रश्नकर्त्यास उपप्रश्नाची मुभा मिळाली. १९१९ च्या सुधारणेनंतर ती इतर सभासदांसही मिळाली. १९३७ सालीं प्रांतांत लोकनियुक्त मंत्रिमंडळें आलीं, तेव्हां मुंबईच्या विधानसभेंत खेर मंत्रिमंडळापुढें विरोधी बाकांवर डॉ. आंबेडकर बसले होते, आणि खोती नष्ट करण्याचें विधेयक त्यांनीं त्याच वर्षीं मांडलें. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा दोघेही एकाच मतदारांचे प्रतिनिधी, ही स्थिति मुंबईस तेथपासून लाभली.

३

आतां गोदावरीच्या खोऱ्यांत येऊं. उमरी हें मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरील गांव. मुदखेड सोडून धर्माबाद-बासरकडे जातांना लागतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं हा मार्ग झाला व उमरीस कापसाची पेठ भरभराटली. आज तें तालुक्याचें ठिकाण आहे. निजामी अमलांत मात्र तें मोठ्या जिल्ह्यांतील एक बाजारगांव होतें. मराठी मुलुखाची पूर्व कड येथून जवळ. मुधोळ-भैंशाकडे जावें तों तेलुगु कानीं पडूं लागते.

हैदराबाद संस्थानांत कायदेकौन्सिल नव्हतें असें नाहीं. तें १८९३ सालींच स्थापन झालें. परंतु त्यांत सरकारी अधिकारी व नेमलेले सभासद यांचा भरणा असे, आणि खेड्यांतील माणसाचा त्याच्याशीं कांहीं संबंध पोंचत नसे. १९३७ सालीं अरवमुदु अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखालीं सुधारणा समिति नेमली गेली. तिच्या शिफारशींवरून १९३९ सालीं पंचाऐशीं सभासदांच्या सभागृहाची योजना जाहीर झाली. धंदेवार मतदार आणि हिंदु-मुसलमानांस समसमान जागा, हें तिचें सूत्र होतें. दुसऱ्या महायुद्धाच्या निमित्तानें तीही लांबणीवर पडली. इकडे १९३८ च्या सप्टेंबरांत हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वींच तिजवर बंदी आली, व ती १९४६ सालीं उठली. अशा रीतीनें मुंबईचे मंत्री विरोधी बाकांच्या प्रश्नांस उत्तरें देत असतांना, दोनशें कोसांच्या आंत, उमरीच्या शेतकऱ्यास प्रश्न घालण्यास सभागृहही नव्हतें आणि पक्षही नव्हता.

मग हे प्रश्न कोठें गेले? पहिली वाट परिषदांची. महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन १९३७ सालीं परतूर येथें, दुसरें १९३८ सालीं लातूर येथें आणि तिसरें १९४१ सालीं उमरी येथें भरलें. परिषद ही सभागृह नव्हे. तिच्या ठरावास उत्तर देण्याचें बंधन कोणावरही नव्हतें. तरी जबाबदार राज्यपद्धति, मातृभाषेंतून शिक्षण, सभाबंदी अशा विषयांवर ठराव शब्दबद्ध करून सरकारकडे पाठविणें हा कलमवार यादीचाच अर्वाचीन अवतार होता. फरक इतकाच कीं, कलमाखालची जागा कोरीच राहिली.

दुसरी वाट सत्याग्रहाची, व तिसरी शस्त्राची. १९४७-४८ सालीं वऱ्हाड व सोलापूरच्या सरहद्दीवर छावण्या पडल्या. ३० जानेवारी १९४८ रोजीं लढ्यांतील सशस्त्र तुकडीनें हैदराबाद स्टेट बँकेच्या उमरी शाखेवर धाड घालून खजिना लढ्याच्या कामीं नेला. त्याच दिवशीं सायंकाळीं दिल्लीस महात्मा गांधींची हत्या झाली. उमरीचें नांव आज मराठवाड्याच्या इतिहासांत या धाडीमुळेंच बहुशः ओळखलें जातें. आम्हीं येथें तिचा उल्लेख करतों तो शौर्यकथा म्हणून नव्हे. ज्या राज्यांत तिजोरीचा हिशेब सभागृहांत मागतां येत नाहीं, त्या राज्यांत तिजोरीच प्रश्नाचें स्थान होऊन बसते. १९०२ सालीं गोखल्यांनीं शिल्लकेविषयीं जें शब्दांनीं विचारलें, तें विचारण्याची सोय उमरीस १९४८ पर्यंत नव्हती. एकाच देशांत शेजारीं शेजारीं चाललेल्या या दोन काळांचें अंतर त्या दोन घटनांत मोजतां येतें.

४

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी राजवट संपली. परंतु राजवट संपणें आणि प्रश्नाचें सभागृह उघडणें या दोन गोष्टी एका दिवशीं घडल्या नाहींत. १९४९ अखेरपर्यंत मेजर जनरल चौधरी यांचा लष्करी अंमल होता. २६ जानेवारी १९५० पासून मुख्यमंत्री म्हणून वेल्लोडी आले, तेही नेमलेले होते. साडेतीन वर्षें राज्य नवें, पण हिशेब मागणारें घर नाहीं, अशी अवस्था राहिली.

या पोकळीची किंमत काय पडली, याचें एक उदाहरण देणें कर्तव्य आहे. रझाकारांच्या अत्याचारांनीं या मुलुखांत हाहाकार उडविला होता, हें सर्वश्रुत आहे. पोलिस कारवाईच्या वेळीं व त्यानंतर कांहीं जिल्ह्यांत मुसलमान वस्त्यांवर जें ओढवलें, तें इतकें सर्वश्रुत नाहीं. केंद्र सरकारनें त्याच्या पाहणीसाठीं पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफ्फार यांस पाठविलें. १९४८ अखेरीस त्यांनीं हिंडून अहवाल दिला. एकंदर बळींचा त्यांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांस सर्वांत अधिक झळ लागली, व तेथेंच अठरा हजारांहून कमी माणसें मेलीं नसावींत, असें त्यांनीं नमूद केलें. अहवाल त्या वेळीं प्रसिद्ध झाला नाहीं. अभ्यासकांच्या हातीं तो कित्येक दशकांनीं आला. अंदाज हा अंदाजच असतो, व त्याची छाननी करण्यास इतिहासज्ञ मोकळे आहेत. परंतु छाननी त्याच वेळीं, साक्षीदार हयात असतांना, सभागृहांतील प्रश्नोत्तरांनीं झाली असती तर आज तर्कावर विसंबावें लागलें नसतें. विचारला न गेलेला प्रश्न दप्तरांत कायमची पोकळी ठेवतो.

५

१९५२ च्या निवडणुकीनें हैदराबाद राज्यास पहिली लोकनियुक्त विधानसभा दिली. एकंदर १७५ जागांपैकीं काँग्रेसकडे ९३, पीपल्स डेमॉक्रॅटिक फ्रंटकडे ४२, समाजवादी पक्षाकडे ११, शेतकरी कामकरी पक्षाकडे १०, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनकडे ५ आणि उरलेल्या १४ अपक्ष व इतरांकडे गेल्या. म्हणजे सरकारास बहुमत होतें खरें, पण विरोधी बाकांवर ब्याऐशीं माणसें होतीं. त्या काळीं देशांतील बहुतेक विधानसभांत इतका भरघोस विरोधी पक्ष नव्हता. बूर्गुल रामकृष्णराव यांचें मंत्रिमंडळ ६ मार्च १९५२ रोजीं अधिकारावर आलें.

या सभागृहाची रचना मराठी वाचकानें कुतूहलानें पाहण्यासारखी आहे. अध्यक्षाच्या आसनावर काशीनाथराव वैद्य होते. गृहखातें दिगंबरराव बिंदू यांजकडे होतें. विरोधी पक्षांचे पुढारी व्ही. डी. देशपांडे होते. अध्यक्ष मराठी, गृहमंत्री मराठी, आणि गृहमंत्र्यास जाब विचारणाराही मराठी. त्यांतही देशपांडे निवडून आले होते ते मराठवाड्यांतून नव्हे, तर तेलंगणांतील इप्पागुडा मतदारसंघांतून. कम्युनिस्ट पक्षावर राज्यांत बंदी असल्यामुळें त्याचे उमेदवार फ्रंटच्या नांवानें उभे राहिले, व नलगोंडा-वरंगळकडील शेतकरी लढ्याचें बळ त्यांच्या पाठीशीं होतें. तेलुगु कुळांनीं मराठी माणसास आपला वकील करून धाडावें, हा प्रकार पुढें भाषावार राज्यें झाल्यावर विरळाच दिसतो. सभासद उर्दू, हिंदी, तेलुगु, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा भाषांत बोलत. एकाच दिवसाच्या वृत्तांतांत तीन तीन लिप्या भेटतात, असा कागद अन्यत्र मिळणें कठीण.

सभागृह बसून सहा महिने झाले नाहींत तोंच गृहखात्याच्या जबाबदारीचा पहिला मोठा प्रसंग आला. नोकऱ्यांत परप्रांतीयांचा शिरकाव होतो, मुल्की नियम पाळले जात नाहींत, म्हणून विद्यार्थ्यांचें आंदोलन पेटलें. ३ व ४ सप्टेंबर १९५२ रोजीं हैदराबाद शहरांत पोलिसांनीं गोळीबार केला व माणसें मेलीं. न्यायमूर्ति पिंगळे जगन्मोहन रेड्डी यांची चौकशी नेमली गेली. चार वर्षांपूर्वीं असाच गोळीबार झाला असता तर त्याचा कागद पोलिसांच्या दप्तरांतच राहिला असता. आतां त्याला सभागृह, चौकशी आणि छापील नोंद, असे तीन साक्षी मिळाले. मुल्की नियम ही निजामी अमलांतली जुनी चीज. परंतु ‘आपल्या माणसास आपल्या राज्यांत नोकरी’ हा त्यामागील प्रश्न अखिल भारतीय धोरणाचा होता, व पुढें कित्येक राज्यांत तो पुन्हा पुन्हा उठला.

दुसरा विषय जमिनीचा. जहागिरी १९४९ सालीं खालसा झाल्या. १९५० सालीं हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा झाला, व ‘संरक्षित कूळ’ ही नवी संज्ञा गांवच्या कागदांत आली. १९५४ सालीं कायद्यांत मोठी दुरुस्ती होऊन कमाल जमिनीची मर्यादा व कुळास मालकी हे विषय पुढें आले. नव्या भारताच्या जमीनविषयक धोरणाची ही एक आरंभींची कसोटी होती. मराठवाड्यांत आजही जमिनीच्या तंट्यांत संरक्षित कुळांच्या त्या वेळच्या नोंदी पुढें येतात. कायद्याचें कलम काय होतें हें छापील कायद्यांत मिळतें; तें गांवांत पोंचलें कीं नाहीं, कुळें बेदखल झालीं कीं काय, हें विरोधी बाकांवरील सभासदांनींच विचारावयाचें असतें. सरकार आपण होऊन आपल्या कायद्याची नामुष्की छापीत नाहीं.

६

या विधानसभेचा शेवटचा मोठा वाद तिच्याच मृत्यूविषयीं होता. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ च्या सप्टेंबरअखेर सादर झाला. हैदराबाद राज्य मोडावें, मराठी जिल्हे मुंबईस जोडावे, कन्नड जिल्हे कर्नाटकास द्यावे, व तेलंगणाचें तूर्त निराळें राज्य ठेवून आंध्रांत विलीन करण्याचा निर्णय १९६१ च्या सुमाराच्या निवडणुकीनंतर तेथील विधानसभेनें दोन तृतीयांश मतांनीं करावा, अशी त्याची शिफारस होती. त्यावर हैदराबादच्या सभागृहांत चर्चा झाली, व सभासदांनीं आपापला कल सांगितला. १४७ जण बोलले; १०३ विशालांध्राच्या बाजूस, २९ विरुद्ध, १५ तटस्थ. बाजूनें बोलणारांत मराठी व कन्नड सभासदही होते, हें तेलंगणाच्या पुढील इतिहासांत वादाचें कारण झालें. साठ वर्षांनंतर, २०१४ सालीं तेलंगणाचें राज्य निराळें झालें, त्या वेळच्या वादांतही १९५५ चे हे आंकडे उद्धृत होत राहिले. कामकाजाच्या वृत्तांतास मूळ साधनाची किंमत कशी येते, याचा याहून ठळक दाखला नको.

उमरीपुरता या पुनर्रचनेचा अर्थ १९५६ च्या कायद्याच्या एका वाक्यांत आहे. मुंबई राज्यास नांदेड जिल्हा मिळाला; पण देगलूर तालुक्यांतील बिचकुंदा व जुक्कल हीं सर्कलें, आणि मुधोळ तालुक्यांतील मुधोळ, भैंसा व कुबेर हीं सर्कलें वगळून. उलट आदिलाबाद जिल्ह्यांतून बोथ तालुक्याचें इस्लापूर सर्कल, किनवट तालुका व राजुरा तालुका मुंबईकडे आले. सरहद्द जिल्ह्यानें अगर तालुक्यानें नव्हे, तर गिरदावराच्या सर्कलानें कापली गेली. उमरी इकडे राहिली. तिच्या पूर्वेचें मुधोळ-भैंसा तिकडे गेलें. बाजारहाट, सोयरीक, देवदर्शन यांच्या वाटा १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्याची सीमा ओलांडूं लागल्या. अमुक सर्कल इकडे कां आणि तमुक तिकडे कां, या प्रश्नाचें उत्तर कायद्यांत नसतें. त्यासाठीं सभागृहांतील चर्चा, सभासदांनीं मागितलेली भाषावार लोकसंख्येची माहिती व गांवोगांवचे ठराव हेंच साधन.

त्यानंतर मराठवाड्याचे प्रश्न मुंबईच्या सभागृहांत गेले. तेथें नांदेड जिल्ह्याचा विरोधी आवाज म्हणून कंधारचे केशवराव धोंडगे पुढें आले. शेतकरी कामकरी पक्षाचे हे सभासद पुष्कळ वर्षें विधानसभेंत होते, व १९७७ सालीं नांदेडांतून लोकसभेवरही निवडून गेले. त्यांच्या जिल्ह्यांतलेच शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री व पुढें देशाचे गृहमंत्री झाले. एकाच जिल्ह्यानें उत्तर देणाराही द्यावा आणि प्रश्न घालणाराही द्यावा, ही हैदराबादेंत दिसलेली गोष्ट येथें पुन्हा दिसते. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

७

आतां हा कागद वाचावा कसा, याविषयीं चार शब्द. छापील आहे म्हणून तो सरळ आहे असें समजूं नये.

पहिली गोष्ट, उत्तर मंत्र्याच्या तोंडून येतें, पण तें त्याचें नसतें. प्रश्न विधानसभेच्या कचेरींतून खात्याकडे, खात्यांतून जिल्ह्यास, जिल्ह्यांतून तहसिलीस आणि तेथून पटवाऱ्यापर्यंत उतरतो, व उत्तर त्याच पायऱ्यांनीं वर चढतें. प्रत्येक पायरीवर त्याला एक हात लागतो. म्हणून छापील उत्तर हें वरचें टोंक समजावें व तहसिलींतील मूळ टिपणाशीं तें ताडून पाहावें. दोहोंत फरक आढळला तर तो फरक हाच खरा ऐतिहासिक पुरावा.

दुसरी गोष्ट, प्रश्नकर्त्यालाही पक्ष असतो. विरोधी सभासदाचा प्रश्न हा तटस्थ साक्षीदाराचा जबाब नव्हे. परंतु चुकीच्या आरोपावर मंत्री तेथल्या तेथें खुलासा करूं शकतो. बखरींत ही सोय नसते, म्हणून बखरीपेक्षां हा कागद एका अंगानें अधिक विश्वासाचा. उपप्रश्न विशेष काळजीनें वाचावे. मुख्य उत्तर लिहून आणलेलें असतें, उपप्रश्नाचें उत्तर मंत्र्यास आयत्या वेळीं द्यावें लागतें, व तेथेंच खात्याची खरी माहिती उघडी पडते. माहिती गोळा होत आहे, असें उत्तर आलें तर तेंही नोंदवून पुढच्या अधिवेशनांत ती आली कीं नाहीं हें पाहावें.

तिसरी गोष्ट, कालनिर्णय. १९४८ पूर्वींचे जोडकागद फसली सनांचे असतात. हैदराबादी फसली वर्ष ऑक्टोबरांत, आजूर महिन्यापासून सुरू होई. फसली आंकड्यांत ५९० मिळविले कीं वर्षारंभाचा इसवी सन निघतो. सन १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. जानेवारी ते सप्टेंबरच्या तारखांस ५९१ मिळवावे लागतात. हें न पाळल्यास उमरीची धाड एक वर्षानें मागें जाईल.

चौथी गोष्ट, स्थलनिर्णय. उर्दूंत जेर, जबर, पेश बहुधा लिहीत नाहींत. त्यामुळें उमरी, अमरी यांचें रूप एकच दिसतें. शिवाय उमरी नांवाचीं गांवें मराठी मुलुखांत अनेक आहेत, व उमरगा, उमरखेड हीं जवळच्या नांवांचीं मोठीं गांवें निराळींच. तालुका व सर्कल यांचा उल्लेख पाहिल्यावांचून एखादा प्रश्न आपल्या उमरीचा म्हणून घेऊं नये.

८

शेवटीं, ज्यासाठीं हा लेख लिहिला तें संग्राहकांपुढें ठेवतों. सभागृहांत विचारलेले प्रश्न छापले गेले, व ते ग्रंथालयांत शोधतां येतील. परंतु प्रश्नाच्या मागें एक हस्तलिखित दप्तर असतें, आणि तें छापलें जात नाहीं. खेड्यांतून सभासदास आलेलीं पत्रें, आंगठे उठविलेले अर्ज, कुळांच्या याद्या, सभासदानें कच्च्या कागदावर खरडलेला प्रश्नाचा मसुदा, आणि अध्यक्षांनीं नियमांत बसत नाहीं म्हणून नाकारलेले प्रश्न, हें सारें सभासदाच्या घरीं राहतें. नाकारलेल्या प्रश्नाची तर छापील वृत्तांतांत खूणही नसते. त्याचें एकमेव स्थान म्हणजे सभासदाचें घर. सरकारास कोणता प्रश्न अडचणीचा वाटला, हें समजण्याचें त्याहून चांगलें साधन आम्हांस ठाऊक नाहीं.

१९५२ च्या सभागृहांतील पिढी आतां मागें पडली. त्यांच्या घरांतील गांठोडीं मोडींत नसून साध्या बाळबोधांत, उर्दूंत अगर तेलुगूंत आहेत, कागद हलका आहे, व त्यावर शिक्कामोर्तबही नाहीं. म्हणून वारस तीं विनासंकोच रद्दींत घालतात. दीडशें वर्षांपूर्वीं पेशवाईंतील यादींची गत अशीच होत होती, व ज्यांनीं त्या वेळीं वाण्याच्या दुकानांतून फर्द सोडवून आणले, त्यांच्याच जिवावर आज मराठ्यांचा इतिहास उभा आहे. नांदेड, लातूर, परभणीकडील आमच्या वाचकांनीं आपापल्या गांवच्या जुन्या सभासदांच्या घरीं एकवार जावें, गांठोडें न सोडतां जसेंच्या तसें राखण्यास सांगावें, आणि वर गांव, तालुका, सन एवढी चिठ्ठी बांधावी. परिषदेच्या ठरावाखालीं जी जागा उमरीस १९४१ सालीं कोरी ठेवावी लागली, तींत पुढें काय लिहिलें गेलें आणि काय लिहूं दिलें गेलें नाहीं, हें त्या गांठोड्यांतूनच ठरणार आहे.